परक्या नावाने ऐकलेले फोन: पुण्यातील एका प्रकरणाचा अभ्यास

जुलै २०२१ च्या पावसाळी अधिवेशनात नाना पटोले यांनी विधानसभेत एक गंभीर आरोप केला. २०१६-१७ मध्ये, म्हणजे ते लोकसभेचे खासदार असताना, त्यांच्या मोबाइलवरील संभाषणे पुणे पोलिसांकडून ऐकली जात होती आणि त्यासाठी घेतलेल्या परवानगीच्या कागदपत्रांत तो क्रमांक 'अमजद खान' नावाच्या, अमली पदार्थांच्या धंद्याशी संबंधित इसमाचा असल्याचे दाखवले होते, असे त्यांचे म्हणणे होते. बच्चू कडू यांचा क्रमांक 'निजामुद्दीन बाबू शेख' या नावाने नोंदला गेल्याचे पुढे आले. तेव्हाचे राज्यसभा सदस्य संजय काकडे आणि तेव्हाचे आमदार आशिष देशमुख यांचे क्रमांकही याच प्रकारे भलत्याच नावांखाली असल्याचे सांगण्यात आले. यांपैकी पटोले आणि देशमुख त्या काळात भारतीय जनता पक्षातच होते आणि काकडे त्या पक्षाच्या गोटातले मानले जात. म्हणजे सत्ताधाऱ्यांनी विरोधकांवर पाळत ठेवली, या नेहमीच्या साच्यात हे प्रकरण पुरते बसत नाही.

दोषी कोण, हे ठरवण्यासाठी मी हे प्रकरण निवडलेले नाही. खासगी संभाषणांवर सरकारने ठेवलेल्या पाळतीविरुद्ध सर्वसामान्य नागरिकांनी उघडपणे उभे राहणे आपल्याकडे इतके अवघड का होऊन बसले आहे, याची उत्तरे या एका प्रकरणाच्या कागदांत आणि तारखांत जितकी स्पष्ट दिसतात, तितकी ती पेगॅसस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरी सॉफ्टवेअरवरून उठलेल्या मोठ्या गदारोळातही दिसली नाहीत. पेगॅससमध्ये परदेशी कंपनी होती, गुंतागुंतीचे तंत्रज्ञान होते, राष्ट्रीय सुरक्षेचा पडदा होता. पुण्यात यातले काहीच नव्हते. येथे होते एक नाव, एक दहा आकडी क्रमांक आणि त्या दोहोंखाली मंत्रालयातली एक सही.

प्रकरण कसे पुढे गेले

विधानसभेतील आरोपानंतर तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी चौकशीची घोषणा केली आणि तेव्हाचे पोलीस महासंचालक संजय पांडे यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली गेली. समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यातील बंडगार्डन पोलीस ठाण्यात, २०१६ ते २०१८ या काळात पुण्याच्या पोलीस आयुक्त असलेल्या रश्मी शुक्ला यांच्याविरुद्ध भारतीय तार अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा नोंदवण्यात आला. पुढच्याच महिन्यात मुंबईत कुलाबा पोलीस ठाण्यात दुसरा गुन्हा दाखल झाला, तो संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांच्या फोनसंबंधी. शुक्ला यांनी आरोप फेटाळले आणि आपल्याला राजकीय सूडापोटी लक्ष्य केले जात असल्याची भूमिका न्यायालयात मांडली.

जून २०२२ च्या अखेरीस राज्यातील सरकार बदलले. पुणे पोलिसांनी न्यायालयात 'सी समरी' अहवाल सादर केला. पोलिसांच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की तक्रार धड खरीही म्हणता येत नाही आणि धड खोटीही म्हणता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो अहवाल नाकारून पुढील तपासाचे आदेश दिले आणि त्यावरून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विरोधकांनी सभात्याग केला. त्यानंतर कुलाब्याच्या प्रकरणात खटला चालवण्यास राज्य सरकारने मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. कायद्याच्या दृष्टीने या प्रकरणात त्यांच्यावर कोणताही दोष उरलेला नाही, हे पुढचे विवेचन वाचताना प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

मात्र खटलाच न चालल्यामुळे, लोकप्रतिनिधींच्या क्रमांकांपुढे भलती नावे आली कशी, हा प्रश्न भर न्यायालयात साक्षीपुराव्याने कधी तपासला गेला नाही. नावे चुकून पडली असतील, तर ती चूक इतक्या टेबलांवरून जाताना कोणाच्याच लक्षात कशी आली नाही, हे कळले पाहिजे होते. जाणूनबुजून घातली गेली असतील, तर ती घालणाऱ्याला आपण पकडले जाणार नाही याची खात्री कशामुळे वाटली, हेही कळले पाहिजे होते. दोन्हींपैकी एकही उत्तर लोकांसमोर आलेले नाही.

तारखा एकाखाली एक मांडल्या की आणखी एक गोष्ट ठळक होते. पाळत एका सरकारच्या काळातली, तिची वाच्यता दुसऱ्या सरकारच्या काळातली, आणि गुन्ह्याचा शेवट तिसऱ्या सरकारच्या काळातला. ज्यांचे फोन ऐकले गेले, त्यांना ते कळले ते सत्तांतर झाल्यामुळे, आणि प्रकरण मिटले तेही सत्तांतरानंतर. २०१९ च्या नोव्हेंबरात महाविकास आघाडीचे सरकार आले नसते, तर गृह विभागाच्या त्या फायली कोणी उघडल्या असत्या असे मला वाटत नाही. नागरिकाच्या एका मूलभूत हक्काचे रक्षण विधानसभेतील आकड्यांच्या गणितावर टांगलेले असावे, ही या प्रकरणातली मला सर्वांत जास्त खुपणारी बाब आहे.

एक क्रमांक ऐकला जातो तो कसा

२०१६ ते २०१८ या काळात राज्याच्या पातळीवर फोन ऐकण्याची रीत अशी होती. तपास करणारा अधिकारी एक प्रस्ताव तयार करी. त्यात क्रमांक, तो कोणाचा आहे, त्या माणसावर संशय कशाचा आहे आणि दुसऱ्या मार्गाने माहिती का मिळू शकत नाही, हे लिहायचे असे. तो प्रस्ताव वरिष्ठांमार्फत गृह विभागाच्या सचिवांकडे जाई. भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम ५ च्या पोटकलम २ प्रमाणे सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण असेल, तरच आदेश काढता येत असे. तातडीच्या प्रसंगी पोलीस महानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला आधी आदेश देऊन कामकाजाच्या सात दिवसांत गृह सचिवांची मान्यता घेण्याची मुभा होती. आदेश मिळाला की मोबाइल कंपनीचा नेमलेला अधिकारी तो नोंदवून घेई आणि त्या क्रमांकावरील संभाषण पोलिसांच्या यंत्रणेकडे वळते होई. आदेशाची मुदत साठ दिवसांची असे आणि ती वाढवत जास्तीत जास्त एकशे ऐंशी दिवसांपर्यंत नेता येई.

ही रीत सरकारने आपखुशीने आखली नव्हती. राजकीय नेत्यांचे फोन ऐकले जात असल्याचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की दूरध्वनीवरील संभाषण हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. संघटनेची मुख्य मागणी होती, की फोन ऐकण्यापूर्वी न्यायाधीशांची परवानगी सक्तीची करावी. न्यायालयाने ती मान्य केली नाही. ते संसदेने ठरवायचे आहे असे म्हणत सचिवांचा आदेश आणि सचिवांचीच आढावा समिती, अशी व्यवस्था घालून दिली. २००७ मध्ये तीच तार नियमांत नियम ४१९-अ म्हणून आली. राज्याच्या आढावा समितीत मुख्य सचिव, विधी विभागाचे सचिव आणि गृह सोडून अन्य विभागाचे एक सचिव असत. अधिकाऱ्याच्या आदेशावर लक्ष ठेवायचे ते अधिकाऱ्यांनीच, बाहेरच्या कोणाचाही त्यात प्रवेश नाही.

आता पुण्याच्या प्रकरणाकडे या दृष्टीने पाहावे. प्रस्तावात लिहिलेले नाव आणि तो क्रमांक प्रत्यक्षात ज्याच्या नावावर आहे ते नाव, यांचा मेळ घालण्याचे काम या साखळीत नेमके कोणाचे होते? मोबाइल कंपनीकडे सिमकार्ड घेताना भरलेला अर्ज असतो, त्यावर छायाचित्र असते, पत्ता असतो. बँकेत धनादेशावरचे नाव आणि खात्याचे नाव जुळले नाही, तर तो परत येतो. येथे एका माणसाचे सारे बोलणे दुसऱ्याच्या हाती देताना तेवढीही पडताळणी झाल्याचे दिसत नाही. कंपनीचे काम आदेश पाळणे, सचिवांचे काम प्रस्ताव वाचून सही करणे आणि आढावा समितीचे काम झालेल्या सह्या तपासणे. प्रत्येकाने आपापल्या पुढ्यात आलेला कागद नियमाप्रमाणे पाहिला असे धरून चालले, तरी तो कागदच खोटा असेल तर हे सारे नियम त्याच्यापुढे आंधळे ठरतात.

आढावा समित्यांवर किती भार असतो, याचा एक आकडा केंद्राच्या पातळीवर उपलब्ध आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या आपल्या अहवालात नमूद केले आहे, की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश असतात. एका आदेशाला एक मिनिट दिले, तरी पंधरा हजार आदेशांना अडीचशे तास लागतील. रोज दहा तास बसून पंचवीस दिवस, आणि तेही केवळ वाचण्यासाठी. इतक्या मोठ्या पदांवरचे तीन सचिव असे बसत असतील, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

कागदावरच्या त्या नावांची निवड मला सर्वांत अस्वस्थ करते. 'अमजद खान' आणि 'निजामुद्दीन बाबू शेख' ही नावे, त्यांना जोडलेला अमली पदार्थांचा संशय, आणि त्यावर कोणीही एकही प्रश्न न विचारणे, हे सारे एकत्र पाहिले की आपल्या प्रशासनाच्या मनात कोणाविषयी शंका उपस्थित करावीशी वाटते आणि कोणाविषयी वाटत नाही, याचा उलगडा होतो. खरोखरच या नावाचा कोणी तरुण कोंढव्यात किंवा भवानी पेठेत राहत असता, तर त्याचा फोन ऐकण्याची परवानगी किती सहज मिळाली असती, हा प्रश्न विधानसभेत विचारला जायला हवा होता. चर्चा मात्र ज्यांचे फोन होते त्या पुढाऱ्यांभोवतीच फिरत राहिली.

'कर नाही त्याला डर कशाला', असे या विषयावर बोलताना पुण्यातल्या अनेक सज्जन माणसांकडून ऐकायला मिळते. त्यांनी या प्रकरणाकडे पाहावे. या चौघांनी काय केले होते किंवा केले नव्हते, याचा त्यांचे फोन ऐकले जाण्याशी संबंध असल्याचे कागदांवरून दिसत नाही, कारण कागदांवर ते नव्हतेच. निर्दोष असण्याचे संरक्षण ज्याचे नाव लिहिले आहे त्याला मिळू शकते. ज्याचे नावच बदलले आहे त्याने आपले निर्दोषत्व कोणापुढे आणि कशाच्या आधारावर मांडायचे?

ज्याला कळलेच नाही त्याने निषेध कसा करावा

रस्ता रुंदीकरणात घर जाणार असेल तर नोटीस येते, पाणीपट्टी वाढली तर बिल येते, झाड तोडायचे असेल तर महापालिका त्यावर हरकती मागवते. पुण्यातील बहुतेक नागरी आंदोलने अशा कागदांतून जन्मली आहेत. पुणेकरांनी माहितीचा अधिकार किती चिकाटीने वापरला आणि महापालिकेच्या फायली नागरिकांनी स्वतः जाऊन पाहाव्यात ही पद्धत याच शहराने कशी रुजवली, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. फोनवरील पाळतीत मात्र हातात धरायला कागदच नाही. फोन ऐकला जात असताना ते कळता कामा नये हे उघड आहे, पण ऐकणे थांबल्यानंतरही, काहीही आक्षेपार्ह न सापडता थांबले असले तरीही, त्या माणसाला कळवण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. उलट, गरज नसलेले अभिलेख दर सहा महिन्यांनी नष्ट करावेत असे नियम सांगतात. नागरिकाचे खासगी बोलणे सरकारदरबारी पडून राहू नये हा त्यामागचा हेतू चांगला आहे, परंतु त्याच तरतुदीमुळे आपल्यावर अन्याय झाला हे सिद्ध करण्याचा पुरावाही जळून जातो.

इतर देशांत असेच असते असे म्हणण्याची सोय नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याप्रमाणे गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायला न्यायाधीशाचा आदेश लागतो आणि आदेशाची मुदत संपल्यावर साधारण नव्वद दिवसांत संबंधित माणसाला तसे कळवावे लागते. न्यायालयाने सबळ कारणासाठी ही सूचना पुढे ढकलली तरच अपवाद. असे किती आदेश दिले गेले, त्याचा वार्षिक अहवालही तेथे प्रसिद्ध होतो. जर्मनीतही पाळत संपल्यानंतर कळवण्याचे बंधन आहे. हेरगिरीच्या बाबतीत या देशांची सरकारे काही साधुसंत नाहीत, हे एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये उघड केलेल्या कागदपत्रांवरून साऱ्या जगाला कळले आहे. पण निदान पोलिसी तपासाच्या बाबतीत तरी तेथील नागरिकाच्या हाती कधी ना कधी एक कागद पडतो आणि त्या कागदाच्या जोरावर तो न्यायालयाची पायरी चढू शकतो.

आपल्याकडे ज्यांच्या हाती तो कागद पडला, त्यांना न्याय मिळाल्याची उदाहरणे आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार विरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभाग या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने फोन ऐकण्याचे तीन आदेश बेकायदा ठरवून रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. जुलै २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही एका जुन्या आदेशाबाबत असाच निर्णय देताना स्पष्ट केले, की नेहमीच्या गुन्ह्याचा छडा लावणे म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नव्हे. या अर्जदारांना आपला फोन ऐकला गेल्याचे कळले ते त्यांच्यावर खटला भरला गेला म्हणून. म्हणजे आपल्या व्यवस्थेत आरोपीला दाद मागता येते, कारण दोषारोपपत्रासोबत त्याला सारी कागदपत्रे मिळतात. ज्याच्याविरुद्ध काहीच सापडले नाही, त्या निरपराध माणसाला मात्र दाद मागण्याची वाटच उरत नाही.

पुण्याच्या रस्त्यावर

पटोले यांच्या आरोपानंतर, किंवा बंडगार्डन ठाण्यात गुन्हा नोंदल्यानंतर, या प्रश्नावर पक्षभेदापलीकडे जाणारे मोठे नागरी आंदोलन पुण्यात उभे राहिले नाही. याचे खापर पुणेकरांच्या उदासीनतेवर फोडणे मला अन्यायाचे वाटते. प्रकरण पहिल्या दिवसापासून पक्षांच्या हाती गेले होते. एका पक्षाला ते दुसऱ्यावर उगारायचे हत्यार होते आणि दुसऱ्याला ते सुडाचे राजकारण होते. ज्याला या दोघांपैकी कोणाचेच निशाण खांद्यावर घ्यायचे नव्हते, अशा नागरिकासाठी त्यात जागाच शिल्लक राहिली नाही.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे आणि ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. पुण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर किंवा अलका टॉकीज चौकात चार माणसांनी फलक घेऊन उभे राहायचे ठरवले, तरी आधी पोलीस ठाण्याला अर्ज द्यावा लागतो, कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश शहरात वरचेवर लागू असतात. अर्जात विषय, जागा, वेळ, अपेक्षित संख्या, ध्वनिक्षेपक लावणार की नाही, आणि संयोजकांची नावे, पत्ते व मोबाइल क्रमांक लिहायचे असतात. अर्ज दिल्याच्या संध्याकाळी त्यांपैकी एका क्रमांकावर गोपनीय शाखेतून फोन येतो. बोलणे बहुधा अत्यंत सभ्य असते: किती लोक येतील, बाहेरगावचे कोणी आहे का, भाषण कोण करणार, निवेदन कोणाला देणार. प्रत्यक्ष निदर्शनाच्या वेळी साध्या कपड्यांतला एक हवालदार रस्त्याच्या कडेला उभा राहून फलकांची आणि चेहऱ्यांची मोबाइलवर चित्रफीत काढतो आणि शेवटी निवेदनाची एक प्रत आठवणीने मागून घेतो. पाणीटंचाईच्या किंवा पीएमपी बसच्या भाडेवाढीच्या आंदोलनात याचे कोणाला काही वाटत नाही. पण पोलिसांनी फोन ऐकू नयेत म्हणून निदर्शने करायची, आणि त्यासाठी आपले फोन क्रमांक आपल्याच हस्ताक्षरात पोलिसांना लिहून द्यायचे, या टप्प्यावर निश्चयी माणसेही क्षणभर थबकतात. घरचे म्हणतात, तुमचे नाव देऊ नका. मग संयोजकांच्या यादीत निवृत्त माणसेच उरतात, कारण त्यांच्या नोकरीला किंवा पासपोर्टच्या पोलीस पडताळणीला धक्का लागण्याची भीती नसते.

भीतीला या शहरात अलीकडचा आधारही आहे. ३१ डिसेंबर २०१७ च्या शनिवारवाड्यावरील एल्गार परिषदेनंतर पुणे पोलिसांनी केलेल्या तपासात संगणक आणि फोन हेच मुख्य पुरावे ठरले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने आरोपींपैकी रोना विल्सन यांच्या संगणकात घातक सॉफ्टवेअरच्या साहाय्याने पत्रे बाहेरून पेरली गेल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. त्या खटल्यात मी येथे शिरत नाही. एवढेच नोंदवतो, की त्या बातम्यांनंतर पुण्यातील कार्यकर्त्यांच्या बोलण्याची रीतच बदलली. 'साधा कॉल नको, व्हॉट्सअ‍ॅपवर कर' हे वाक्य आज कार्यकर्तेच काय, बांधकाम व्यावसायिक आणि नगरसेवकही सहज उच्चारतात. आपले बोलणे ऐकले जात असणार हे सर्वांनी गृहीत धरले आहे आणि प्रत्येकाने आपापली पळवाट शोधली आहे. पळवाट सापडलेला माणूस मोर्चात येत नाही.

जेव्हा पाळत सर्वांना दिसली

लोक या प्रश्नावर उठतच नाहीत असे म्हणायला मात्र जागा नाही. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करून सरकारला पत्रे अडवण्याचे आणि उघडण्याचे व्यापक अधिकार देणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा देशभर टीकेची झोड उठली आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. ते विधेयक कधी कायदा झाले नाही. अलीकडचे उदाहरण आणखी बोलके आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी अ‍ॅप आधीच घालून देण्याचा आदेश दिला. तो बाहेर पडताच विरोधी पक्ष, तंत्रज्ञ आणि सर्वसामान्य ग्राहक सगळेच बोलू लागले आणि ३ डिसेंबरला सरकारने ती सक्ती मागे घेतली.

या दोन्ही वेळी पाळतीची शक्यता प्रत्येकाच्या दाराशी, प्रत्येकाच्या हातातील वस्तूपर्यंत येऊन पोहोचली होती. पत्र सर्वांच्या घरी येत होते, फोन सर्वांच्या खिशात होता. पुण्यातील प्रकरणात ती चार पुढाऱ्यांची तक्रार म्हणून समोर आली, आणि पुढाऱ्यांविषयी सामान्य माणसाला फार हळहळ वाटत नाही. दरम्यान कायद्याचा पायाच बदलला, तो मात्र कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात विरोधी पक्षांचे एकशे सेहेचाळीस खासदार निलंबित असताना नवा दूरसंचार अधिनियम मंजूर झाला. त्याच अधिवेशनात मंजूर झालेल्या नव्या टपाल अधिनियमाच्या कलम ९ मध्ये पत्रे अडवण्याचा आणि उघडण्याचा अधिकार आहे. ज्या तरतुदीवरून १९८६ मध्ये रान पेटले होते, तिच्यासारखीच तरतूद या वेळी जवळजवळ निःशब्दपणे कायद्यात आली. नियम ४१९-अ ची जागा डिसेंबर २०२४ मध्ये नव्या नियमांनी घेतली. बेकायदा रीतीने संदेश ऐकल्यास होणाऱ्या दंडाची रक्कम दोन कोटी रुपयांपर्यंत वाढली आहे, पण आदेश सचिवांनी द्यायचा आणि आढावा सचिवांनी घ्यायचा, ही मूळ रचना जशीच्या तशी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितल्यानंतरही संसदेने त्या रचनेत न्यायाधीशाला स्थान दिलेले नाही.

पुण्यातून मागता येण्याजोगे

या प्रकरणाचा अभ्यास करताना मला असे दिसते, की निषेधाची मागणी फार मोठी असली की ती कोणाच्याच दारात नेता येत नाही. 'पाळत बंद करा' ही घोषणा कोणत्या कार्यालयात द्यायची? दहशतवाद किंवा अपहरणाच्या तपासात फोन ऐकणे आवश्यक असते, हे मीही मानतो, आणि जो ते मानत नाही त्याला सामान्य माणूस साथ देणार नाही. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी आणि पाळत संपल्यावर कळवण्याचे बंधन, या दोन मागण्या अंतिमतः संसदेच्या दारातल्या आहेत. त्या सोडू नयेत, पण त्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही.

पोलीस हा राज्याचा विषय आहे आणि आदेशावर सही राज्याचे गृह सचिव करतात. सही करण्यापूर्वी कंपनीकडील ग्राहकाचा अर्ज प्रस्तावाला जोडलेला असलाच पाहिजे आणि त्यावरील नाव प्रस्तावातील नावाशी जुळले नाही तर कारण लेखी नोंदवले पाहिजे, अशी सूचना गृह विभाग आपल्या अधिकारात काढू शकतो. त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. चोरलेल्या किंवा दुसऱ्याच्या नावावरच्या सिमकार्डांचा वापर गुन्हेगार करतात हे खरे, पण तसे असेल तर तेच कारण म्हणून लिहिता येईल. मागील वर्षात किती आदेश दिले, किती आदेशांची मुदत वाढवली, किती नाकारले आणि आढावा समितीने किती रद्द केले, हे चार आकडे कोणाचेही नाव न घेता विधिमंडळाच्या पटलावर ठेवल्याने कोणत्याही तपासाला बाधा येत नाही. आढावा समितीच्या बैठका किती झाल्या, हा पाचवा आकडाही त्यांत असावा.

पुणे शहरातून विधानसभेवर आठ आमदार निवडून जातात आणि ते एकाच पक्षाचे नाहीत. निदर्शनाच्या शेवटी निवेदन द्यायचेच असेल, तर ते या आठही जणांच्या कार्यालयांत द्यावे आणि प्रत्येकाकडून नाव पडताळणीच्या सूचनेवर एक लक्षवेधी आणि त्या पाच आकड्यांवर एक तारांकित प्रश्न मागावा. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते, आणि आकडे देता येत नाहीत असे उत्तर आले, तर त्याचे कारणही कामकाजाच्या नोंदीत येते. प्रश्न विचारणारा आमदार सत्ताधारी बाकांवरचा असेल तर अधिकच चांगले. २०१६-१७ मध्ये ज्यांचे फोन ऐकल्याचा आरोप झाला, त्यांच्यापैकी निम्मे तरी तेव्हा सत्ताधारी पक्षातच होते.